धड चरबी नाही, धड मांस नाही

"चरबी जाळणारी गोळी कधी निघणार हो?" असं घरातलं कुणी ना कुणी विचारतंच. मी म्हणतो, ती एकदा निघाली होती. ऐका.

१५५१ साली झुरिकच्या कोनराड गेस्नरने मार्मोट नावाच्या, हिवाळाभर झोपून काढणाऱ्या प्राण्याच्या खांद्यांमध्ये एक पदार्थ पाहिला आणि नोंदवला. धड चरबी नाही, धड मांस नाही. ही तपकिरी चरबी. साधी चरबी शिधा साठवते, ही तो जाळून ऊब देते. तान्ह्या बाळांत ती असते. मोठेपणी ती जवळजवळ नाहीशी होते, असं अनेक वर्षं मानत असत.

आता गोळीची गोष्ट. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणारे कामगार घामाने निथळत, वाळत जात. काही तर ताप चढून दगावले. १९३३ साली स्टॅनफर्डच्या मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग यांनी तेच रसायन लठ्ठपणावर वापरलं. वजन खरोखर उतरलं! अमेरिकेत हजारोंनी ते घेतलं. मागोमाग मोतीबिंदू आले, मृत्यू आले. १९३८च्या कायद्यानंतर ते औषध म्हणून बंद झालं.

गंमत अशी, की तपकिरी चरबीही तेच करते. पेशीतल्या मायटोकाँड्रिया म्हणजे चुली. त्यांतली ऊर्जा कामाला न लावता नुसती उष्णता म्हणून सोडायची. त्यासाठी तिच्याकडे एक खास प्रथिन असतं, ते १९७०च्या दशकात सापडलं. फरक एवढाच, की ही चूल थंडी वाजली की मज्जातंतूंच्या हुकमाने पेटते आणि नंतर विझते. त्या रसायनाने अंगातल्या सगळ्याच चुली भडकत, आणि विझवायची सोय नव्हती.

२००९ साली तीन संशोधकगटांनी एकदमच दाखवून दिलं, की मोठ्या माणसांतही मानेपाशी, गळ्याच्या हाडाजवळ ही चरबी असते. २०२० साली बोस्टनच्या जोस्लिन केंद्रात माणसाच्या पांढऱ्या चरबीच्या मूळ पेशी घेऊन, क्रिस्पर तंत्राने त्यांतलं त्या प्रथिनाचं जनुक जागं केलं. त्या पेशी उंदरांत बसवल्या. तेलकट खाऊनही त्यांचं वजन कमी वाढलं, रक्तातली साखरही नीट राहिली.

पण ते उंदीर होते. टेंटर-कटिंग यांची कल्पना खोटी नव्हती, लोकांना घाई झाली होती. म्हणून आमच्या मधुमेही मंडळींना सांगतो, आशा जरूर ठेवा, पण संध्याकाळचं फिरणं सोडू नका.