सर्व्हरसाठी डिफॉल्ट कर्नल कोणता ठेवायचा?

लिनक्सच्या एका मशीनवर सहसा दोन-तीन कर्नल बसवलेले असतात. मशीन सुरू होताना कुणी काहीच निवडलं नाही, तर बूटलोडर जो कर्नल उचलतो तो डिफॉल्ट कर्नल. बहुतेक ठिकाणी हा बूटलोडर ग्रब असतो.

मी अंबरनाथ पूर्वेला आनंदनगर एमआयडीसीतल्या काही लहान कारखान्यांचे सर्व्हर बघतो. इथे सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यातलं एक मशीन, आणि त्यावर हिशोब, स्टॉक, हजेरी सगळं. आयटीचा माणूस रोज तिथे नसतो. रात्री लाइट गेली, यूपीएस उतरला आणि पहाटे लाइट आली की मशीन आपलं आपण सुरू होतं. डिफॉल्ट कर्नल म्हणजे कुणी जवळ नसताना चालू होणारा कर्नल, असं समजून तो निवडावा.

न कळत बदलणारा डिफॉल्ट

उबुंटू सर्व्हरवर सुरक्षा अपडेट आपोआप बसतात, पण मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही. त्यामुळे नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो, डिफॉल्टही होतो, आणि चालू मात्र जुनाच असतो. असं महिनोन्‌महिने राहू शकतं. मग एका रात्री लाइट जाते आणि कुणीही न तपासलेला कर्नल पहिल्यांदा चालू होतो. नेटवर्क कार्ड ओळखलं गेलं नाही, तर सकाळची पाळी हजेरीविना सुरू होते.

याची दुसरी बाजूही बघा. रीस्टार्ट केलं नाही तोवर नव्या कर्नलमधली सुरक्षा दुरुस्ती लागूच झालेली नसते. लाइव्हपॅचसारख्या सोयी काही गंभीर दुरुस्त्या चालू कर्नलमध्ये घालतात, पण सगळ्या नाही.

पर्याय तीन

पहिला, डिस्ट्रिब्युशनचा मूळ कर्नल. उबुंटू 22.04 मध्ये तो 5.15 आहे, 24.04 मध्ये 6.8. डेबियन 12 मध्ये 6.1, डेबियन 13 मध्ये 6.12. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 9 मध्ये 5.14, आणि रॉकी व अल्मा त्याच वाटेने जातात. हा आकडा त्या आवृत्तीच्या आयुष्यभर तोच राहतो.

दुसरा, त्याच डिस्ट्रिब्युशनने नव्या हार्डवेअरसाठी दिलेला कर्नल. उबुंटूमध्ये याला एचडब्ल्यूई म्हणतात. 22.04 चा हा कर्नल 5.19, 6.2, 6.5 अशा पायऱ्या चढत 6.8 वर येऊन थांबला. डेबियनमध्ये हेच काम बॅकपोर्ट्स करतं. ओरॅकल लिनक्स तर दोन कर्नल देतं, आणि डिफॉल्ट म्हणून स्वतःचा यूईके ठेवतं.

तिसरा, मूळ सोर्स आणून स्वतः बांधलेला कर्नल. यात प्रत्येक सुरक्षा दुरुस्तीसाठी पुन्हा बांधणी तुमच्या गळ्यात. ते काम रोज करणारा माणूस नसेल, तर याच्या वाटेला जाऊ नये.

आकडा बघून घाबरू नका

5.14 म्हणजे जुनाट, 6.12 म्हणजे सुरक्षित, असं नसतं. डिस्ट्रिब्युशनवाले नव्या कर्नलमधल्या दुरुस्त्या जुन्या आकड्यातच आणून बसवतात. म्हणून पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि त्याचं सुरक्षा पत्रक बघायचं.

मार्च 2022 मध्ये डर्टी पाइप नावाची त्रुटी जाहीर झाली. साध्या युजरला त्यातून रूटचे अधिकार मिळवता येत होते. ही त्रुटी 5.8 पासून कर्नलमध्ये शिरली होती. त्यामुळे उबुंटू 20.04 चा मूळ 5.4 कर्नल त्यातून सुटला, आणि त्याच 20.04 वर एचडब्ल्यूईचा 5.13 चालवणाऱ्यांना घाईने अपडेट करावं लागलं. पण डेबियन 11 चा मूळ 5.10 सुद्धा त्यात सापडला होताच.

मूळ कर्नल म्हणजे निर्धास्त, असंही नाही. डिसेंबर 2023 मध्ये डेबियन 12 च्या 6.1.64 कर्नलमध्ये एक्स्ट4 फाइलसिस्टिमचा डेटा खराब करू शकणारा दोष निघाला. डेबियनने 12.3 चं काम थांबवून दुरुस्त कर्नलसह थेट 12.4 आणलं. अपडेट आल्या दिवशीच सगळ्या सर्व्हरवर चढवू नये, ते यासाठी.

मी कसं ठरवतो

सुरुवात मूळ कर्नलपासून. त्यात नेटवर्क कार्ड, रेड कंट्रोलर आणि डिस्क नीट दिसत असतील, तर विषय संपला. नवं मशीन असून काही दिसत नसेल, तरच एचडब्ल्यूई.

मग बाहेरची मॉड्यूल बघायची. झेडएफएस, एनव्हिडिया, बॅकअप किंवा अँटिव्हायरसचा एजंट, यातली काही मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएसने पुन्हा बांधली जातात. कर्नलने मोठी उडी घेतली की ही बांधणी फसू शकते. एचडब्ल्यूई साधारण सहा महिन्यांनी उडी घेतो, त्यामुळे अशा मशीनवर मूळ कर्नलच बरा. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असेल, तर त्या कंपनीची चालणाऱ्या कर्नलची यादी आधी मागून घ्या.

शेवटी मुदत. उबुंटूच्या एलटीएसच्या मूळ कर्नलला पाच वर्षं नेहमीच्या दुरुस्त्या मिळतात. एचडब्ल्यूईच्या मधल्या पायऱ्या मात्र अल्पायुषी असतात, पुढची आली की चढावंच लागतं.

नवा कर्नल डिफॉल्ट करण्याआधी

ग्रबमध्ये एक छान सोय आहे. डिफॉल्टच्या जागी 'सेव्ह्ड' ठेवलं, की 'ग्रब-रीबूट' या कमांडने नवा कर्नल फक्त एकदाच चालवून बघता येतो. त्यापुढच्या रीस्टार्टला जुनाच येतो. जोडीला कर्नलच्या पॅरामीटरमध्ये 'पॅनिक' ला 30 दिलं, तर नवा कर्नल कोसळल्यावर 30 सेकंदांनी मशीन स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्यावर येतं. मात्र बूटची जागा एलव्हीएमवर किंवा सॉफ्टवेअर रेडवर असेल, तर ग्रबला ही एकदाची नोंद पुसता येत नाही. बूटचं पार्टिशन वेगळं आणि साधं ठेवा.

हे काम कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, बॅकअप तपासून आणि मशीनसमोर बसून करावं. नेटवर्क, डिस्क, डेटाबेस आणि प्रिंटर चाललेले पाहिले, की मगच 'ग्रब-सेट-डिफॉल्ट' ने नवा कर्नल कायम करायचा. रेड हॅटच्या घराण्यात हेच काम 'ग्रबी' करतं.

उबुंटू-डेबियनवर असा डिफॉल्ट बांधून ठेवला की पुढचं अपडेट तो आपोआप बदलत नाही. रात्रीची धास्ती जाते, पण सुरक्षा दुरुस्ती लागू करायची जबाबदारी आपल्यावर येते. मी महिन्यातला एक दिवस त्यासाठी ठरवून ठेवतो. आणि बूटची जागा भरली म्हणून जुने सगळे कर्नल उडवायचे नाहीत. नीट चाललेला निदान एक मागे राहू द्या.