केकवॉक: ठेवायचं की काढायचं?

घरी गाणं रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना लोक नवनव्या सोयी मोजतात. मी आज एका बंद पडण्यापासून सुरुवात करतो. नोव्हेंबर २०१७मध्ये गिब्सननं (हो, तीच गिटारवाली कंपनी) केकवॉकचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं.

केकवॉक १९८७चं, ग्रेग हेंडरशॉटनं डॉससाठी लिहिलेलं. तेव्हा त्यात आवाज नसायचाच. असायच्या त्या मिडीच्या सूचना: कुठला सूर, केव्हा, किती जोरात. आणि मिडी ही १९८३पासून अनेक कंपन्यांची सामाईक भाषा. पुढे प्रत्यक्ष आवाज आला, इफेक्ट आले, आणि गाण्याची फाइल त्या एका प्रोग्रॅमला बांधली गेली. सगळं सुरळीत चाललेलं असताना ही गाठ कुणाला दिसणार?

२०१६मध्ये तर ‘आजन्म अपडेट’ विकले गेले. आजन्म म्हणजे नेमका कुणाचा जन्म, ते पुढच्याच वर्षी कळलं.

आता वापरणाऱ्यानं करायचं काय? प्रोग्रॅम चालत होता. पण विंडोज बदललं की? जे थांबले त्यांना फळ मिळालं. फेब्रुवारी २०१८मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबनं केकवॉक घेतलं, एप्रिलमध्ये फुकट दिलं. पण हे नशीब झालं, शहाणपण नव्हे. शहाणपणाचं काम वेगळं होतं: प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढणं. मग दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ट्रॅक बरोबर जुळून बसतात. इफेक्टची मापं मात्र मागेच राहतात. ती वहीत उतरवून घ्यावी लागतात.