फिश टँकचा दिवा

२००९ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरातले दोन गोल्डफिश एका रात्रीत मेले. माजलगावचा एप्रिल कसा असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. रात्री लाइट गेली ती पहाटे आली, आणि तोवर टँकमधला हवेचा पंप बंद. पाणी जितकं कोमट तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात बुडबुडेही थांबलेले. सकाळी शाळेत जायच्या आधी मुलगी मासे बघायला गेली... असो. तिसरीतल्या पोरीला प्राणवायूचं गणित काय सांगणार? तिनं एवढंच विचारलं, "बाबा, अंधारात घाबरले का ते?"

तेव्हा भारनियमन हा आमच्या वेळापत्रकाचा भाग होता. पीठ कधी दळायचं, मोटर कधी लावायची, सगळं त्यावर. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात, १९७१ पासूनचं, पण दिव्याखालीच अंधार म्हणतात तसं. मग मी ठरवलं की टँकवर बॅटरीचा दिवा करायचा. पंप बॅटरीवर का नाही चालवला, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हेच की मुलीनं अंधाराबद्दल विचारलं होतं, पंपाबद्दल नाही.

पुण्याला गेलो तेव्हा तपकीर गल्लीतून पांढरे पाच मिलिमीटरचे चोवीस एलईडी आणले. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या पट्टीचा दोन फुटी तुकडा घेतला, त्याला भोकं पाडली. एका एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, म्हणून तीन-तीनची माळ केली तर ९.६ व्होल्ट, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीतले उरलेले २.४ व्होल्ट १२० ओहमच्या रेझिस्टरवर. प्रवाह बरोबर वीस मिलिॲम्पिअर. अशा आठ माळा. सगळा दिवा मिळून दोन वॅटचा, यूपीएसच्या छोट्या बॅटरीवर सहज रात्र काढणारा. वहीत हे गणित फार सुंदर दिसत होतं.

महिन्याभरात अर्धे एलईडी मंदावले. कारण वहीत नव्हतं. लाइट आली की बॅटरी चार्ज होते आणि तेव्हा तिच्यावर बारा नाही, जवळजवळ चौदा व्होल्ट असतात. म्हणजे त्याच रेझिस्टरमधून वीसऐवजी पस्तीस मिलिॲम्पिअर! १२० च्या जागी २२० ओहम घातले आणि प्रश्न मिटला. मुलगी खूश. नवे गोल्डफिशही आले. लाइट गेली की गल्लीतली पोरं आमच्याकडे टँक बघायला यायची, कारण उजेड तेवढाच.

पण झाडं पिवळी पडायला लागली. पंपावर भरवसा नको म्हणून मी टँकमध्ये पाणवनस्पती लावल्या होत्या. त्या रोज थोड्या विरत होत्या. मला समजेना. एवढा लख्ख उजेड तर आहे!

इथे जरा मागे जायला हवं. १७७९ साली यान इंगेनहाउस या डच डॉक्टरनं दाखवून दिलं की वनस्पती हवा शुद्ध करतात ती फक्त उजेडात. अंधारात त्याही आपल्यासारखाच श्वास घेतात आणि हवा बिघडवतात. पुढे १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश (हो, दोनच) आणि वॅलिसनेरियाचं रोप. मासे सोडतील तो वायू झाडाला, झाड सोडेल तो माशाला, पाणी बदलायचंच नाही. थोड्या दिवसांत जुनी पानं कुजली, काचेवर हिरवा थर आला. मग त्यानं तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि भांडं सुरळीत चाललं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं ते याच कल्पनेवर. आपण फिश टँक म्हणजे मासे समजतो. वॉरिंग्टनच्या लेखी मासे हा हिशेबाचा एक रकाना होता. सगळा हिशेब चालायचा खिडकीतल्या उन्हावर.

खिडकी नसेल तिथे काय, या प्रश्नाला पुढची कितीतरी वर्षं धड उत्तर नव्हतं. पिवळा बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो, त्यानं पाणी तापतं. १९३८ मध्ये ट्यूबलाइट बाजारात आली आणि घरातल्या टँकची सोय झाली. चाळीस वॅटची आपली नेहमीची ट्यूब दोन हजारांहून जास्त ल्युमेन उजेड देते. माझे चोवीस एलईडी मिळून दीडशेच्या आसपास असतील. माणसाचा डोळा अंधाराला सरावतो, थोड्या उजेडातही त्याला लख्ख वाटतं. पानाला असं काही वाटत नाही. त्याला मोजून लागतं. मी मासे दिसण्यापुरता दिवा केला होता आणि त्यावर झाडं जगतील असं गृहीत धरलं होतं.

तरीही त्या दीडशे ल्युमेनमागची कथा मला आवडते. लाल एलईडी १९६२ मध्ये निक होलोनियाक यांनी केला. निळा मात्र तीस वर्षं कुणाला नीट जमेना, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. तो प्रखर निळा १९९३ मध्ये जपानच्या शिकोकू बेटावरच्या अनान नावाच्या छोट्या शहरात, निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी बनवला. निचियाचा मूळ धंदा कोणता, तर ट्यूबलाइटच्या आणि टीव्हीच्या काचेला आतून लावायची चमकणारी पूड. त्यामुळे निळ्यावर पिवळी पूड चढवून १९९६ मध्ये पांढरा एलईडी काढणं त्यांच्या हातचंच होतं. ज्या ट्यूबच्या जिवावर कंपनी उभी राहिली तिचीच जागा घेणारा दिवा त्याच पुडीतून निघाला. नाकामुरांना कंपनीनं सुरुवातीला वीस हजार येन दिले होते म्हणे. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ चं नोबेल त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत मिळालं.

आमच्यापर्यंत ते नोबेल स्वस्त बल्बच्या रूपानं आलं. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१७ पर्यंत ३८ रुपयांवर आला. मी दुसरा दिवा केला तो नऊ-नऊ वॅटच्या दोन बल्बांचा, एक पांढरा आणि एक पिवळसर, कारण पानाला निळ्याबरोबर लाल प्रकाशही लागतो. दोन्ही जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवले आणि खाली काच लावली. (पाण्यावर २३० व्होल्ट टांगायचे तर मध्ये काच हवीच, हे कुणी करणार असेल त्यानं लक्षात ठेवावं.)

हे २०१६ साल होतं. मराठवाड्यातली मोठी धरणं तळाला गेलेली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. परळीचं वीज केंद्र तर २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. आमचं धरण १९८७ चं, सिंदफणेवर. जायकवाडीचा उजवा कालवाही त्यालाच येऊन मिळतो. पण जायकवाडीतच नाही तर इथे कुठून येणार? गल्लीत टँकर आला की भांडणं व्हायची. आणि माझ्या दिवाणखान्यात शोभेसाठी पंचावन्न लिटर पाणी. एका शेजाऱ्यानं टँककडे बघत विचारलं, "हे किती दिवसाला बदलता?" त्याचा आवाज साधा होता, पण मला शरम वाटली.

बदलत नाही म्हटलं. ते खरंच होतं. झाडांनी मूळ धरलं होतं, पाणी स्वच्छ होतं, उडून जाईल तेवढीच भर घालत होतो, दिवसाला तांब्याभर. त्याला ते पटलं नाही. मी वॉरिंग्टनचं सांगायला लागलो तर तो उठून गेला.

पुढे पावसाळ्यात काचेवर हिरवा थर धरला. दिवा आठ तासांवर आणला तरी हटेना. मग मुलीला घेऊन धरणाकडे गेलो. ती आता दहावीत. काठच्या दगडांखाली बारक्या गोगलगायी सापडल्या, सहा-सात डबीत घेतल्या. घरी येऊन टँकमध्ये सोडल्या. दुसऱ्या दिवशी काचेवर त्यांच्या चरण्याच्या वेड्यावाकड्या स्वच्छ रेघा उमटलेल्या होत्या.