इंजिनातला ठोका

जुनी मोटार घेऊन खंडाळ्याचा घाट चढलेल्यांना एक आवाज आठवत असेल. सपाट रस्त्यावर इंजिन शांत असते. चढ लागतो, चालक अॅक्सिलरेटर दाबतो आणि बॉनेटखालून धातूवर धातू आपटल्यासारखी टकटक सुरू होते. खालचा गिअर टाकला की ती थांबते. टॅपेट सैल असतील तर गाडी उभी असतानाही आवाज येतो. बेअरिंग झिजले असेल तर तो जड, घुमणारा असतो. जाणता मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि हे भेद सांगतो. पण घाटातली टकटक कुठलाच भाग सैल नसतानाही येते. मग आपटते तरी काय?

हा प्रश्न अमेरिकेत १९१० नंतरच्या दशकात चांगलाच पेटला होता. चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक मोटारीसाठी बॅटरीवर चालणारी ठिणगीची यंत्रणा तयार केली होती. १९१२ च्या मॉडेलमध्ये हँडल मारण्याची कटकट संपवणारा विजेचा स्टार्टरही आला. इंजिने ठोके देऊ लागली तेव्हा आळ आला या नव्या यंत्रणेवर. ठिणगी वेळेआधी पडते म्हणून दणका बसतो, असे लोक म्हणत. केटरिंग यांनी १९१६ मध्ये ही तक्रार थॉमस मिज्ली या तरुण सहकाऱ्याकडे सोपवली. मिज्ली यांचे शिक्षण यांत्रिक अभियांत्रिकीचे होते, रसायनशास्त्राचे नव्हते. पुढच्या कथेच्या दृष्टीने हे ध्यानात ठेवावे.

मिज्ली यांनी कानावर विसंबून न राहता सिलिंडरमधला दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो याची नोंद घेतली. दाबाची एकाएकी होणारी उसळी ठिणगीच्या आधी नव्हे, तर नंतर, ज्वलनाच्या अखेरीस दिसत होती. ठिणगी निर्दोष होती. गुन्हेगार इंधन होते. कारण त्याच इंजिनात केरोसीन घातले की ठोके वाढत.

घडते ते असे. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते. तिच्यापुढचे न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापते. ते फार तापले तर ज्योत पोचण्याआधी एकदम स्वतःच पेटते आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ९५० मीटर आणि सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर धरला, तर सेकंदाला सहा-सात हजार कंपने होतात. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हा हिशेब जरूर करू द्यावा. ती टकटक एवढी तीव्र का, याचे उत्तर त्यात आहे.

उपाय मात्र एका चुकीच्या कल्पनेतून सापडला. थंडी संपता संपता फुलणाऱ्या एका रानवेलीच्या पानांची खालची बाजू लालसर असते. लाल रंग उष्णता शोषतो म्हणून ती लवकर फुलत असेल, तर लाल केरोसीनही उष्णता शोषून लवकर बाष्परूप होईल, असा तर्क केटरिंग व मिज्ली यांनी केला. १९१६ च्या अखेरीस मिज्ली लाल रंग शोधू लागले. तो हाताशी नव्हता, मिळाले आयोडीन. ते मिसळताच ठोके थांबले. इथे थांबले असते तर तर्क सिद्ध झाला असेच मानले गेले असते. पण त्यांनी खरे लाल रंग आणून पाहिले. एकाचाही उपयोग झाला नाही. उलट आयोडीनचे रंगहीन संयुग मात्र चालले. म्हणजे रंगाचा संबंधच नव्हता.

मग वर्षानुवर्षे एकेक पदार्थ पारखण्यात गेली. अॅनिलिन चालले, पण दुर्गंधी आणि खर्च आड आले. टेल्युरियमचा वास तर कपड्यांतून जाईना. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, इंजिनात घातले आणि आवाज नाहीसा झाला. हजार भाग पेट्रोलला एक भागही लागत नव्हता. अल्कोहोलनेही ठोके थांबतात हे त्यांना ठाऊक होते. पण ते बऱ्याच प्रमाणात मिसळावे लागे. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन शहरात हे पेट्रोल विकायला आले. नाव ठेवले होते ‘एथिल’. शिशाचा त्यात उल्लेख नव्हता!

शिसे विषारी आहे हे तेव्हा गुपित नव्हते. मिज्ली स्वतः त्याने आजारी पडले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट अवस्थेत मरण पावले. त्यानंतर मिज्ली यांनी पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन दाखवले. आयोडीनची परीक्षा घेणाऱ्या माणसाने असे करावे, याचे मला अजून नवल वाटते. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. औद्योगिक रोगांच्या तज्ज्ञ अॅलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला, पण पुढल्याच वर्षी बंदीस पुरेसे कारण नाही असे ठरले. धुराड्यांतून शिसे हवेत जात राहिले आणि मुलांच्या रक्तात उतरत राहिले. क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये या प्रदूषणाची व्याप्ती मांडली, तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती. भारतात २००० साली पेट्रोल शिसेमुक्त झाले. जगात मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली.

जुन्या गाडीला हा ठोका का लवकर गाठतो, हे सांगायचे राहिले. ज्वलनकक्षात काजळीचा थर साचतो. त्यामुळे जागा कमी होऊन दाब वाढतो आणि थराचे तापलेले कण मिश्रणाला आणखी तापवतात. म्हणून मिस्त्री हेड उतरवून कार्बन खरवडून काढत. नव्या इंजिनांवर स्फटिकाचा एक छोटा ‘कान’ बसवलेला असतो. त्या सहा-सात हजार कंपनांची चाहूल लागली की संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. आणि १९२० च्या सुमारास मागे पडलेले अल्कोहोल आता आपल्या पंपांवर इथेनॉलच्या रूपाने पेट्रोलमध्ये मिसळून मिळते.