४,२९,४९,६७,२९७ : संख्या सिद्धांताची ओळख

संख्या सिद्धांत हा पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास. त्यात शिरण्याच्या वाटा पुष्कळ. इथे एकाच संख्येचे बोट धरू. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. बेरीज, गुणाकार आणि भागाकारातली बाकी एवढे येत असले की पुरे.

२ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातांत १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या. घात असाच दुप्पट करत गेले तर दर वेळी मूळ संख्याच मिळेल, असा कयास १६४० मध्ये पिएर द फर्माने बांधला. पुढची पाळी आपल्या संख्येची. १७२९ मध्ये गोल्डबाखने पत्रातून हा प्रश्न ऑयलरपुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलरने तिचे अवयवच पाडून दाखवले: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ ही ११६ वी मूळ संख्या. एकेक करून भागत बसले तर तिथवर पोचायला बराच वेळ लागेल. पण या संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले की बाकी १ उरते, हे ऑयलरनेच सिद्ध केले. या चाळणीतून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१ येते. पाचव्या भागाकारात निकाल!

खरे तर भागाकाराचीही गरज नाही. ६४१ = ५ × १२८ + १, तसेच ६४१ = ६२५ + १६. बाकीपुरते पाहिले तर ५ × १२८ च्या जागी −१ चालतो, म्हणून त्याच्या चौथ्या घाताच्या जागी १. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. त्यातल्या ६२५ च्या जागी −१६ ठेवा. उरतो उणे २ चा ३२ वा घात, आणि त्याची बाकी १. म्हणजे २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ६४१ ने निःशेष भाग जातो.

आता या संख्येतून २ वजा करा. उरलेली संख्या म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७! आधीच्या पाचांपैकी एखादीचा विभाजक आपल्या संख्येलाही भागत असेल, तर त्याने २ लाही भागले पाहिजे. पण सगळ्याच संख्या विषम, तेव्हा सामाईक विभाजक फक्त १. पुढेही प्रत्येक पायरीवर हेच घडते. दर वेळी नवा मूळ अवयव येतो, म्हणजे मूळ संख्या अनंत आहेत.

फर्माचा कयास चुकला, पण त्या संख्यांचे महत्त्व ओसरले नाही. १७९६ मध्ये गाउसने पट्टी आणि कंपासने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवले, ते १७ या मालिकेतली मूळ संख्या आहे म्हणूनच. या मालिकेत सहावी मूळ संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही. ती नसतेच, हेही सिद्ध झालेले नाही. शाळकरी गुणाकारातून निघालेला प्रश्न इतकी शतके टिकतो, हीच या विषयाची ओढ.