नाण्यांची पारख सैल झाली काय?
(रेवदंडा व नागोठणे येथील टांकसाळींच्या निमित्ताने)

जुन्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार वारंवार ऐकू येते. पूर्वी ज्या नाण्यास केवळ ‘चांगले’ म्हणत, त्यासच आता ‘अत्युत्तम’ म्हणतात. पारखीची कसोटी सैल झाली आहे. ही तक्रार बाजारापुरतीच असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु संग्राहकाने लावलेला दर्जा पुढे संग्रहालयाच्या नोंदवहीत उतरतो, तेथून अभ्यासकाच्या कोष्टकात जातो, आणि त्यावरून चलनाच्या इतिहासाविषयी अनुमाने काढली जातात. म्हणून कसोटी सैल झाली काय, हे ठरविण्यापूर्वी ती कसोटी कशाची होती, हे पाहणे अवश्य आहे.

मराठेशाहीत पारख म्हणजे वजन आणि कस यांची परीक्षा. जून 1674 मध्ये, राज्याभिषेकाच्या सुमारास, हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर तह ठरविण्यासाठी आलेला होता. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, असे एक कलम त्याच्या मागण्यांत होते. त्यावर शिवाजी महाराजांकडून मिळालेल्या उत्तराचा आशय असा की, कोणतेही नाणे चालण्यास मनाई नाही, म्हणून या कलमाची गरज नाही; मात्र ज्या नाण्यात रयतेची हानी होईल ते घेण्याची तिच्यावर सक्ती करता येणार नाही. नाणे कसाने व वजनाने इतर राज्यांच्या नाण्यांबरोबरीचे असेल, तर ते चालेल. नाण्याच्या रूपास येथे काहीच स्थान नाही. सराफही घासलेल्या रुपयावर बट्टा घेई तो धातूची तूट भरून काढण्यासाठी. अक्षरे पुसट झाल्याबद्दल नव्हे.

तथापि वजनाची ही कसोटी तरी सर्वत्र एकच होती काय? रायगड किनाऱ्यावरील एक उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. चौल-रेवदंडा 1740 मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले. त्यानंतर चारच वर्षांनी, 1744 मध्ये, बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या कारकीर्दीत रेवदंडा व नागोठणे या दोन ठिकाणी तांब्याची नाणी पाडण्याचे परवाने खाजगी इसमांस देण्यात आले. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या चलनावरील आपल्या निबंधात या परवान्यांची चर्चा केली आहे. मुदत तीन वर्षांची असून, सरकारात भरावयाची रक्कम वर्षागणिक चढती होती. वजन मात्र एकास दहा मासे व दुसऱ्यास सव्वानऊ मासे असे ठरवून दिलेले होते.

बारा माशांचा तोळा व तोळ्याचे 11.66 ग्रॅम असा पुढील काळातील हिशेब धरल्यास, ही वजने अनुक्रमे सुमारे 9.72 व 8.99 ग्रॅम होतात. तत्कालीन मासा स्थळपरत्वे किंचित कमीअधिक असला, तरी दोन वजनांतील साडेसात टक्क्यांचा फरक नाहीसा होत नाही. आता समजा, नऊ ग्रॅमचा एक पैसा आपल्या हाती आला. दहा माशांचा दंडक मनात धरणारा अभ्यासक त्यास झिजलेला म्हणेल. सव्वानऊ माशांचा दंडक जाणणारा तोच पैसा पूर्ण वजनाचा ठरवील. पैसा तोच असतो; बदलतो तो केवळ तुलनेचा दंडक.

शिवराईच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. परंतु ठशाच्या मानाने तांब्याची चकती बहुधा लहान असल्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. मजकूर तुटका म्हणून नाणे हीन दर्जाचे मानले, तर टांकसाळीतील घडणीचा दोष आपण वापरातील झिजेच्या खाती टाकतो. शिवाय हाच मजकूर महाराजांच्या पश्चातही दीर्घकाळ चालू राहिला. अशा नाण्यांचा कालक्रम लावताना वजन, अक्षरवाटिका व ठसा ही मुख्य साधने असतात. संग्रहात केवळ देखणी नाणी राखून पुसट नाणी भंगारात जाऊ दिली, तर हा पुरावाच एकांगी होतो.

कसोटी सैल झाल्याचे खरे उदाहरण पाहावयाचे तर अमेरिकेकडे वळावे लागते. विल्यम शेल्डन याने 1949 मध्ये तेथील जुन्या सेंट नाण्यांसाठी 1 ते 70 अशी अंकश्रेणी सुचविली. न वापरलेल्या नाण्यांस प्रथम 60, 65 व 70 असे तीनच अंक होते; पुढे 60 ते 70 मधील सर्व अकरा अंक प्रचारात आले. 1986-87 पासून दर्जा प्रमाणित करणाऱ्या मोठ्या व्यापारी संस्था निघाल्या, आणि तेच नाणे पुन्हा पाठविले असता वरचा अंक मिळाल्याची उदाहरणे त्या व्यवसायात सर्वश्रुत झाली. तेथे तक्रारीस आधार आहे. कारण नाणे एकच, श्रेणी एकच, आणि निकाल दोन आहेत.

आपल्याकडील तक्रारीस असा आधार देता येत नाही. आपल्या जुन्या नोंदींत ‘उत्तम’ या एकाच शब्दात वजन, घडण व झीज या तिन्ही गोष्टी कोंबलेल्या असतात. त्यामुळे पूर्वीचा व आजचा निर्णय शेजारी ठेवून ताडून पाहता येत नाही. धातूचे प्रमाण बदलले तर त्याची निदान जाहीर नोंद राहते. 1940 मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली, ती कायद्याने. ‘उत्तम’ या शब्दाचा अर्थ मात्र कोणत्याही हुकुमावाचून बदलतो, आणि शब्द तोच राहिल्यामुळे बदल झाल्याचे ध्यानातही येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांस सुचवावयाचे ते एवढेच की, नाण्याची नोंद करताना वजन, व्यास, ठशाची पूर्णता व झीज यांची नोंद स्वतंत्रपणे करावी, छायाचित्र जोडावे, दर्जा लिहिलाच तर तो कोणी, केव्हा व कोणत्या श्रेणीनुसार ठरविला, हेही लिहावे. टांकसाळीच्या मालकाने सव्वानऊ मासे हा आकडा परवान्यात लिहून घेतला होता, म्हणूनच आज त्याच्या पैशाचा न्याय करता येतो. आपल्या निर्णयांचा न्याय पुढील पिढीस करता यावा, इतपत लेखी पुरावा आपणही मागे ठेवला पाहिजे.