ब्रेक पाहून ओळखावी गाडी

१९५३ साली ल मां इथली चोवीस तासांची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली. १९५७ च्या एक्सके १५० मध्ये हे ब्रेक ग्राहकांनाही मिळू लागले. सुरुवातीचे पॅड गोल. ते बदलायला अख्खा कॅलिपर उतरवावा लागे. पुढे चौकोनी पॅड आले, ते जागच्या जागी बदलता येत.

१९६१ च्या ई-टाइपवर डनलॉपचे कॅलिपर होते. त्यांचे सिलिंडर बाहेरून बोल्टने जोडलेले दिसतात. १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत गर्लिंगचे आले. त्यांत सिलिंडर अंगातच.

म्हणून सुटे भाग मागवताना नुसत्या सालावर विसंबू नये. मधल्या मालकाने काय बदलले, कोण जाणे! चाक काढून डोळ्यांनी पाहावे. ब्रेकच्या बाबतीत अंदाज चालत नाही.